साहेबांच्या कानातली शिट्टी

"मॅडम, मशीन बंद पडलंय. साहेबांना काहीच ऐकू येत नाहीये. आणि ही गोष्ट इथून बाहेर जाता कामा नये."

वडूजच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात साहेबांचे सेक्रेटरी माझ्या कानाशी येऊन बोलत होते. साहेब म्हणजे एकेकाळी देशाचा कारभार ज्यांच्या हातात होता, असे एक नेते. पद जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी दारात पोलिस होते आणि आवारात गाड्यांची रांग होती. साहेबांचं नाव मी लिहिणार नाही. मी ऑडिओलॉजिस्ट आहे. कान तपासायचे आणि गरज असेल तर श्रवणयंत्र बसवून द्यायचं, हे माझं काम. पेशंटचं नाव बाहेर सांगायचं नाही, हा नियम सगळ्यांना सारखाच; पुढं आलेली नावंही मी बदललीत.

माझं क्लिनिक कोरेगावात आहे. तहसीलदारांच्या आईला मी यंत्र बसवून दिलं होतं, म्हणून त्यांनी थेट मला फोन केला. मी बॅग उचलली आणि निघाले.

दुपारी माजी सैनिकांचा मेळावा होता. साहेब भाषण थोडं करणार आणि लोकांचं म्हणणं ऐकून घेणार, असं ठरलं होतं.

"भाषण होऊन जाईल, ते लिहिलेलं आहे," सेक्रेटरी म्हणाले. "लोकांशी बोलायचा भाग रद्द करायचा का, तेवढं सांगा."

"आधी बघू तर द्या."

साहेब खिडकीशी खुर्चीत बसले होते. कानांवर येतील असे पांढरे केस. मी नमस्कार करून विचारलं, "प्रवास कसा झाला?"

"हो, हो. बसा ना."

मी ओळखलं. कमी ऐकणारी माणसं असं एखादं उत्तर जवळ ठेवतात. ते बहुतेक प्रश्नांना चालून जातं.

मी त्यांना माझे ओठ दिसतील अशी समोर बसले आणि सावकाश म्हटलं, "यंत्र बघू?" त्यांनी केस बाजूला करून ते काढून दिलं. चेहरा त्रासलेला होता. तसं करायला त्यांना आवडलं नव्हतं.

यंत्र तसं साधं असतं. कानामागे एक छोटी मशीन. तिच्यातून निघालेली पारदर्शक नळी. नळीच्या टोकाला कानाच्या आकाराचा साचा, त्याला आम्ही मोल्ड म्हणतो. आवाज मशीनमधून नळीत, नळीतून मोल्डमध्ये आणि तिथून कानात जातो.

"बॅटरी बदलून बघितली," सेक्रेटरी म्हणाले.

मी स्टेथोस्कोपसारखी एक नळी मशीनला लावली आणि स्वतः ऐकलं. व्हॉल्यूम अगदी तळाला होता. वाढवला, तर आवाज स्वच्छ आला. म्हणजे मशीनला काही झालं नव्हतं.

"व्हॉल्यूम कुणी कमी केला?"

सेक्रेटरींनी साहेबांकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "मी केला. मध्यंतरी विमानात यंत्रातून शिट्टी वाजायला लागली. लोक वळून बघायला लागले. साहेब फार ओशाळले. तेव्हापासून मी आवाज कमीच ठेवतो. आज सकाळी पुन्हा वाजली तेव्हा तो पार तळाला गेला, हे लक्षातच आलं नाही."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. साहेबांची लाज झाकायला गेले आणि आवाजही झाकला गेला, एवढंच.

मी नळी उजेडात धरली. पिवळी पडून कडक झालेली. मशीनपाशी ती जिथं वळण घेते तिथं एक बारीक चीर. नळीतला आवाज त्या चिरेतून बाहेर यायचा, परत मशीनच्या माइकमध्ये शिरायचा आणि शिट्टी व्हायची. सभेत माइक स्पीकरसमोर आला की कर्कश आवाज होतो ना, तसंच हे. नळी जुनी झाली की असं होतं. ती वेळोवेळी बदलायची असते, हे साहेबांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मी जुनी नळी ओढून काढली, मोल्ड साफ केला, नवी नळी त्यातून ओवली, मापात कापली, मशीनला जोडली. यंत्र साहेबांच्या कानात बसवलं आणि व्हॉल्यूम हळूहळू वाढवत नेला. शिट्टी आली नाही.

साहेबांनी कान टवकारले. मग दाराकडे बघून म्हणाले, "बाहेर कुणाच्या तरी चहात साखर जास्त झालीय."

व्हरांड्यातला हवालदार खरंच चहावरून कुरकुरत होता. सेक्रेटरी हसले. सकाळपासून पहिल्यांदाच हसले असावेत.

साहेब हिंदीत बोलत, मधे एखादा मराठी शब्द टाकत. मला म्हणाले, "पदावर होतो तेव्हाही नीट ऐकू येत नव्हतं. यंत्र लावलं नाही. फोटो काढणारे कायम अवतीभवती. मीटिंगमध्ये मी नुसती मान हलवायचो. लोकांना वाटायचं, मी खोल विचार करतोय."

मी जुनी नळी कागदात गुंडाळून बॅगेत टाकली.

त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे लोक वेळेवर येतात का?"

"नाही साहेब. फार उशिरा येतात. चष्म्याची लाज वाटत नाही, याची वाटते. यंत्र घेतात आणि कपाटात ठेवून देतात."

त्यांनी केस पुन्हा कानावर ओढले आणि उठले.

पुन्हा शिट्टी वाजली तर जवळ असावं, म्हणून सेक्रेटरींनी मला मेळाव्याला थांबवून घेतलं. मी स्टेजच्या पायऱ्यांशी उभी राहिले. भाषण थोडक्यात झालं. मग तोफखान्यातून निवृत्त झालेले बाबूराव नावाचे एक आजोबा उठले. शेजारी त्यांच्या पत्नी हौसाबाई होत्या. आजोबांचा आवाज एवढा मोठा, की माइकची गरजच नव्हती.

"साब, आमच्या गावची पोरं भरतीसाठी डांबरी रस्त्यावर पळत्यात. मैदान न्हाई. परवा एका पोराला डंपरनं उडवलं. पाय गेला त्याचा. कुणीतरी बघा की वो!"

 साहेब पुढे झुकले आणि मराठीत विचारलं, "गाव कोणतं तुमचं?"

आजोबा म्हणाले, "न्हाई साब, जेवूनच निघालोय."

सगळा हॉल हसला. आजोबांना कळेना, आपलं काय चुकलं. ते इकडंतिकडं बघायला लागले. हौसाबाईंनी त्यांचा सदरा ओढला. "बसा खाली. आवं, बसा!"

साहेब उठले. त्यांनी एका हातानं केस मागे सारले आणि कान सगळ्यांकडे वळवला.

"हसू नका. मलाही ऐकू येत नाही. हे यंत्र बघा. आज सकाळी हे बिघडलं होतं. तुमच्या इथल्या एका डॉक्टरबाईंनी ते दुरुस्त करून दिलं, म्हणून यांचा प्रश्न मला कळला. नाहीतर मीसुद्धा असंच काहीतरी उत्तर दिलं असतं."

सेक्रेटरींनी डोळे मिटून घेतले. फोटो निघत होते. साहेबांनी हात तसाच ठेवला. मग पायऱ्या उतरून ते आजोबांजवळ जाऊन बसले आणि सगळी हकिकत त्यांच्या तोंडाकडे बघत ऐकून घेतली. अधिकाऱ्यांना तिथंच बोलावलं.

 मी इतकी वर्षं शिबिरं घेतली, गावोगाव बोलले. यंत्र लावण्यात कमीपणा नाही, हे जीव तोडून सांगितलं. लोकांनी ऐकलं आणि घरी गेले. त्या दिवशी मात्र त्यांना दिसलं.

साहेब गाडीत बसताना मला एवढंच म्हणाले, "थँक यू, डॉक्टर." मी डॉक्टर नाही, हे सांगायचं राहिलंच. त्यानंतर आमची भेट नाही.

मैदानाचं म्हणाल तर जमीन सपाट झालीय, कुंपण अजून व्हायचंय. पोरं पळायला लागलीत. आणि माझ्या क्लिनिकमध्ये खटाव-माणकडचे म्हातारे यायला लागले. "त्या साहेबांनी लावलंय तसलं द्या," म्हणतात. मी प्रत्येकाला यंत्रासोबत जादा नळी देते आणि बजावते, शिट्टी वाजली तर आवाज कमी करू नका, नळी बदलून घ्या.

सगळ्यात आधी आले होते बाबूराव आजोबा. तोफांनी दोन्ही कान नेले होते. मी यंत्र बसवलं, चालू केलं. हौसाबाई सवयीनं त्यांच्या कानात ओरडल्या, "आवं, येतंय का ऐकाया?"

आजोबा दचकले.

"वरडतीस कशाला एवढी? लोकं काय म्हणतील!"