आबांना चहा देऊ नये

वडिलांचं आयुष्य वाढवण्याच्या नादात मी त्यांना एका दिवसात अंथरुणाला खिळवलं, ही गोष्ट मी आजवर कोणाला धड सांगितलेली नाही. चूक पूर्णपणे माझी होती. (बायकोचं मत विचारू नका, ते याहून कडक आहे.)

मी रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे आणि कामाच्या दिवसांत कारेगावात खोली घेऊन राहतो. बायको सुनंदा आणि आबा मांडवगण फराट्याला. मध्यंतरी कारखान्यात आरोग्य शिबिर झालं. एका डॉक्टरबाईंनी जास्त वर्षं कसं जगावं यावर तासभर सांगितलं. साखर कमी करा, चाला, वेळेवर झोपा, माणसांत मिसळा. समोसा खात खात मी सगळं वहीत उतरवून घेतलं.

आता आमचे आबा. वय चौऱ्याऐंशी. रोज पहाटे उठणार, दुधाची किटली घेऊन चालत डेअरीत दूध घालणार आणि येताना सहा घरी थांबून अर्धा-अर्धा कप चहा घेणार. चहा निमित्ताला, खरा कार्यक्रम गप्पांचा. म्हणजे बाईंची निम्मीअधिक यादी हा माणूस न वाचताच पाळत होता! मी इथे गप्प बसायला हवं होतं. पण क्वालिटीवाल्याला दोष सापडल्याशिवाय जेवण जात नाही. मला दोष सापडला: दिवसाला तीन कप गोड चहा.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला आत जाण्याआधी मी गावाच्या ग्रुपवर लिहिलं, ‘आबांच्या प्रकृतीच्या कारणास्तव त्यांना आजपासून कोणीही चहा देऊ नये. सहकार्य करावे.’ पाठवलं, गेटवरच्या लॉकरमध्ये फोन ठेवला आणि मोठं काम केल्याच्या समाधानात पाळीला उभा राहिलो.

आमच्या गावात म्हाताऱ्या माणसाचा चहा कोणी तोडत नाही. डॉक्टरांनी हात टेकले तरी चमच्याने पाजतात. मग ज्याचा चहाच बंद केलाय, त्याचं काय उरलं असेल, हा हिशेब गावाने माझ्याआधी केला. शिवाय असली गोष्ट आजारी माणसाला सांगायची नसते, हेही सगळ्यांना ठाऊक.

पहिलं घर आबांचे जिवलग गुलाबमामा यांचं. त्यांनी आबांच्या पाठीशी उशी लावली आणि त्यांचा हात हातात धरून बसले. सत्तर वर्षांत या दोघांनी एकमेकांचा हात फक्त कबड्डीत धरला होता! दुसऱ्या घरी कपभर कोमट दूध मिळालं. तिसऱ्या घरच्या काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि धूर झालाय म्हणाल्या. (त्यांच्याकडे गॅस आहे.) सहावं घर होईपर्यंत आबा समजून चुकले. डॉक्टरांनी पोराला काहीतरी सांगितलंय आणि ते आपण सोडून साऱ्या गावाला माहीत आहे. ते घरी आले, रिकामी किटली ठेवली आणि खाटेवर आडवे झाले.

मग माणसं भेटायला येऊ लागली. येणारा प्रत्येकजण केळी घेऊन. सुनंदाला काहीच ठाऊक नव्हतं. बाया तिला धीर धर म्हणाल्या, तेव्हा तिला वाटलं, नवऱ्याने आपल्यापासूनही लपवलं. तशात आल्या माणसाला चहा तर करावाच लागतो. त्या दिवशी आबांच्या खाटेभोवती चाळीसेक कप चहा संपला आणि आबांना नुसत्या वासावर ठेवलं. दुपारी दौंडहून आत्या आली, ती फाटकापासूनच रडत. धाकटी बहीण रडताना पाहिली आणि आबांनी ताटातली भाकरी परत पाठवली. वर सुनंदाला सांगितलं, ठेवणीतलं धोतर तेवढं धुऊन ठेव.

तीनला पाळी सुटली. फोनवर एकतीस मिस्ड कॉल! सुनंदाला लावला तर ती एवढंच म्हणाली, “तुम्ही आधी या.” मोटारसायकल मी कशी चालवली ते आठवत नाही. अंगणात चपलांचा ढीग पाहिला आणि गाडी तशीच टाकून मी आत धावलो.

आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. माझा आवाज ऐकून वळले.

“रामदास, किती दिस दिल्यात डाक्टरनं?”

“आबा, तुम्हाला काही झालेलं नाही.”

“लपवू नगं. मी भीत न्हाई. पर मला सोडून साऱ्या गावाला सांगितलंस, ह्ये बरं न्हाई केलंस.”

आता लपवून भागणार नव्हतं. मी बॅगेतून रिपोर्ट काढला. शिबिरात आमची तपासणीही झाली होती आणि साखर माझी वाढलेली निघाली होती. चहा बंद कर, रोज चालत जा, हे डॉक्टरबाईंनी मला सांगितलं होतं. माझ्याच्यानं ते होईना, म्हणून मी पथ्य आबांना लावून टाकलं. मान खाली घालून मी हे सगळ्यांसमोर सांगितलं.

आबा उठून बसले.

“म्हंजी साखर तुझी वाढली, आन् च्या माझा बंद?”

आत्याचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. मग तिने मला जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. आबांनी भाकरी मागितली आणि दीड खाल्ली. मी म्हणालो, आत्ताच ग्रुपवर माफी टाकतो.

“मोबाइलवर न्हाई,” आबा म्हणाले. “पायानं चल.”

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि पहाटे आबांच्या मागून निघालो. डेअरी, मग एकेक घर. प्रत्येक दारात मी हात जोडून चूक कबूल करायची, आबांनी चहा प्यायचा आणि मी बघायचं. तिसऱ्या घरापासून आबा पुढे जाऊन माझी वाट बघत उभे राहू लागले. सहाव्या घरी मला इतकी धाप लागली की तोंडातून शब्द फुटेना. शेवटी आबाच घरच्यांना म्हणाले, “पोराचं चुकलं, मनावर घिऊ नका. त्याला आधी बसाया काहीतरी द्या.”

मी ओट्यावर बसलो. सगळ्या गावाची माफी मागून झाली होती, फक्त ज्याची मागायची तो माणूस राहिला होता.

“आबा, चुकलो मी,” मी म्हणालो. एवढं बोलायलाही मला मध्ये दोनदा श्वास घ्यावा लागला.