शनिवारचा पंचनामा

सर कुठलीही वेबसाइट एकाच हाताने बघायचे. दुसऱ्या हातात काहीतरी असायलाच हवं, असा त्यांचा दंडक होता. मग ते हेल्मेट असो, कोथिंबिरीची पिशवी असो, नाहीतर आमच्यापैकी कुणाची कॉलर. "गिऱ्हाइकाचे दोन्ही हात तुझ्यासाठी रिकामे आहेत, असं तुला कुणी सांगितलं?" असं विचारत ते उजव्या अंगठ्याने स्क्रीन वर ढकलत जायचे, आणि जिथे तो अंगठा अडला तिथे आमचा दिवस संपायचा. पाठीमागे आम्ही त्यांना अंगठेबहाद्दर म्हणायचो. एकदा माझ्याच तोंडून ते त्यांच्यासमोर निसटलं. शांतपणे म्हणाले, "हो, मी अंगठेबहाद्दर. तुझी दहाही बोटं शिकलेली. तरी तुझ्या साइटवर दुकानाचा पत्ता सापडत नाही."

द्वारका चौकाजवळ, बॅटरीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. मंगल कार्यालयं, नर्सऱ्या, ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारे, असल्या धंद्यांच्या वेबसाइट आम्ही बनवायचो. मी पुण्याहून डिझाइनचा कोर्स करून आलो होतो आणि तो कोर्स माझ्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचा. पहिल्या दिवशी मी विचारलं, "सर, माझा मोठा मॉनिटर कुठला?" सरांनी माझ्यासमोर लग्नपत्रिकांचा एक गठ्ठा टाकला.

त्याचं कारण असं की या धंद्यात येण्याआधी सर पत्रिका छापत. छापखाना बंद केला तेव्हा छपाईत चुकलेल्या पत्रिकांचे गठ्ठे ते सोबत घेऊन आले आणि त्या उभ्या कापून मोबाइलच्या मापाच्या केल्या. प्रत्येक वेबसाइट आधी अशा पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलने काढायची. तिथे मावेल तेवढंच खरं. "पत्रिकेत शंभर नावं घाला," ते म्हणायचे, "पण तारीख आणि कार्यालय म्हातारीला चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे. नाहीतर ती दुसऱ्याच्याच लग्नात जेवून येते." पत्रिकेवरचं पास झालं की मगच मोठ्या स्क्रीनला हात लावायचा. "तिथे नंतर पसरा. पसरणं कुणालाही जमतं." माझी पहिली पत्रिका त्यांनी टाचणीने भिंतीवर लावली आणि सगळ्यांना बोलावून दाखवली. "हिच्या पुढच्या बाजूला नवरदेवाचं नुसतं आडनाव चुकलं, तर त्याच्या बापाने अख्खा गठ्ठा परत पाठवला. मागच्या बाजूला याचं सगळंच चुकलंय. तरी बघा, डबा कसा चवीने खातोय." मी खरंच खात होतो. वांग्याची भाजी होती. 

पण हे सगळं परवडलं, शनिवारचा पंचनामा नको, असं आम्हा सगळ्यांचं मत होतं. सरांकडे एक जुना, काच तडकलेला, स्वस्तातला मोबाइल होता. आठवडाभर केलेली साइट त्यावर उघडायची आणि दुपारी बारा वाजता, भर उन्हात, द्वारकेच्या चौकात जायचं. तिथे गाडीची वाट बघत उभ्या असलेल्या कुणाही अनोळखी माणसाच्या हातात सर तो मोबाइल द्यायचे आणि म्हणायचे, "जरा या दुकानाला फोन लावून दाखवता का?" ज्याने साइट बनवली त्याने तीन पावलांवर हाताची घडी घालून उभं राहायचं. बोलायचं नाही. खूण करायची नाही. बोलला तर पंचनामा रद्द, पुढच्या शनिवारी पुन्हा. साइट पास झाली तर सर काही बोलत नसत. मोबाइल नुसता शर्टाच्या डाव्या खिशात टाकत आणि चहाच्या टपरीकडे वळत. नापास झाली तर मोबाइल आमच्या हातात परत. बाकीच्यांच्या पंचनाम्यात तो अधूनमधून खिशात जायचा. माझ्या पंचनाम्यात चार वर्षांत एकदाही गेला नाही.

माझा पहिला पंचनामा कांदा निवडायच्या मशीनच्या साइटचा. मी मशीनचा असा देखणा फोटो टाकला होता की मोबाइलवर फोटोशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं. फोन नंबर खाली, फार खाली. सरांनी मोबाइल चांदवडच्या गाडीची वाट बघणाऱ्या एका आजोबांना दिला. आजोबांनी तो उन्हात तिरका धरला, फोटोवर दोनदा बोट आपटलं आणि म्हणाले, "ट्रॅक्टर हाय का हे?"

"मशीन आहे. फोन लावायचाय त्यांना," सर म्हणाले.

"नंबर कुठंय? नुसतंच चकचक करतंय हे. लय गरम बी झालाय. दादा, तुमचा मोबाइल बिघडलाय, नीट करून घ्या."

मला राहवेना. "आजोबा, खाली सरकवा ना, खाली!"

सरांनी मोबाइल परत घेतला, आजोबांचे आभार मानले आणि भर चौकात मला म्हणाले, "आता तू प्रत्येक गिऱ्हाइकाशेजारी जाऊन उभा राहणार का? मग वेबसाइट कशाला? तुलाच पार्सल करतो घरोघर." आजोबा हसले. शेजारचा रिक्षावाला हसला. माझ्यावर उपकार म्हणून सिग्नल सुटला.

चार वर्षांनी मी सरांना सोडून स्वतःची कंपनी काढली. लोकांना सांगायचो, मोठी कामं करायचीत. खरं सांगायचं तर खिशाची वाट बघून कंटाळलो होतो. निरोप घ्यायला गेलो तेव्हा सर म्हणाले, "जा. आता तुझ्याशेजारी कुणी उभं राहणार नाही." मला तो आशीर्वाद वाटला. मी पायासुद्धा पडलो.

माझं पहिलं मोठं काम म्हणजे व्यायामोपचाराचं एक केंद्र. लकवा झालेल्या, हाडं मोडलेल्या माणसांकडे घरी जाऊन व्यायाम करून घेणारी माणसं त्यांच्याकडे होती. तिथल्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये भिंतभर स्क्रीन होता. त्यावर मी साइट दाखवली: मऊ निळा रंग, संथ हलणारी पानं आणि उजव्या कोपऱ्यात अगदी वर एक नाजूक सोनेरी बटण, 'वेळ घ्या'. डॉक्टर म्हणाले, "वा!" त्या 'वा'ला मी चार वर्षं भुकेला होतो. पत्रिका काढली नाही. चौकात गेलो नाही. लॅपटॉपवरची खिडकी बारीक करून बघितली आणि म्हटलं, मोबाइलवरही दिसतंय की. तळाशी माझ्या कंपनीचं नाव घातलं.

दोन वर्षांनी सरांच्या घरून वहिनींचा फोन आला. "हे पडलेत. उजवी बाजू गेलीय. वीस-बावीस दिवस झाले." मी शहाळी घेऊन सिडकोतल्या त्यांच्या घरी गेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. सर पलंगावर उशांना टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवला होता, म्हणजे कुणीतरी ठेवला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं. मला बघून डावी भुवई वर गेली. ती भुवई माझ्या ओळखीची होती.

वहिनी सांगत होत्या, "व्यायाम लगेच सुरू करा म्हणाले होते. यांना जिना उतरवता येत नाही, घरी येणारं एकच केंद्र जवळ आहे. तिथे फोन केला तर म्हणतात साइटवरच नंबर लावा. मी जाऊन आले, तरी तेच. रोज प्रयत्न करते रे, होतच नाही. यांनीही डाव्या हाताने करून बघितलं. तुला विचारू म्हटलं की हे मान हलवून नको म्हणायचे. आज मी यांना न विचारता फोन लावला." आणि त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

मऊ निळा रंग. संथ पानं. खाली माझ्या कंपनीचं नाव. मोबाइलवर तेवढं एक अगदी स्वच्छ वाचता येत होतं.

"द्या वहिनी, मी करतो," मी घाईने म्हणालो. सरांनी डावा हात पुढे केला आणि मोबाइल मागितला. मग जड जिभेने, एकेक शब्द ओढत म्हणाले, "हात... बांध."

मी पलंगापासून तीन पावलांवर हाताची घडी घालून उभा राहिलो. सरांनी मोबाइल डाव्या पंजात धरला. अंगठा वर सरकला, सोनेरी बटणाच्या दिशेने, आडवा ताणला गेला आणि एक बोटभर कमी पडला. त्यांनी पकड बदलली. मोबाइल छातीवर पडला. उचलला. पुन्हा. तिसऱ्या खेपेला बटण लागलं आणि कॅलेंडर उघडलं. मी ते भिंतभर स्क्रीनसाठी काढलं होतं. या मोबाइलवर त्याची उजवी बाजू कापली जात होती, आणि 'पुढे' नावाचं बटण नेमकं त्या कापलेल्या बाजूला होतं. सरांचा अंगठा मोबाइलच्या कडेवर येऊन थांबला. त्यापुढे नुसती चादर होती. त्यांनी सगळं बंद केलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. चार वेळा.

"अहो, पाहुणा आलाय तो," वहिनी म्हणाल्या. "त्याला बसू तरी द्या."

सरांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला.

त्याच संध्याकाळी मी केंद्राच्या डॉक्टरांना एक फोन केला आणि दुसऱ्या दिवशी माणूस व्यायामाला आला. त्याने सरांचा हात उचलून बघितला, खाली ठेवला आणि जिन्यात मला म्हणाला, "आधी सुरू झालं असतं तर बोटं तरी हलली असती. आता बघू." साइट कुणी बनवली आणि उशीर का झाला, हे त्याने विचारलं नाही. मीही नाही सांगितलं. इतर वेळी माझे घोटाळे मी चवीने सांगतो.

ती साइट मी पुन्हा बनवली. सरांच्या घरातूनच एक पत्रिका मागून घेतली आणि तिच्या पाठीवर काढली. बटण खाली, रुंद, कुठल्याही हाताच्या अंगठ्याखाली येईल असं. तोवर दोन महिने गेले होते आणि हात उठला नव्हता. वहिनी त्यांना कळवणला माहेरी नेणार होत्या. तिथे घर तळमजल्यावर. निघायच्या आदल्या शनिवारी मी गेलो. सामान बांधलेलं होतं. नवी वेळ घेण्यात काही अर्थ उरला नव्हता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तरी मी मोबाइल त्यांच्या डाव्या हातात दिला आणि तीन पावलं मागे सरकलो.

अंगठा जागेवरून हललासुद्धा नाही, बटण त्याच्या खालीच होतं. वार. वेळ. पत्ता. झालं.

 मग सरांचा हात मोबाइलसकट छातीकडे गेला, डाव्या बाजूला, आणि तिथे दोनदा वरखाली फिरला. अंगात बनियन होतं. मोबाइल घसरून चादरीवर पडला.

ते खिसा शोधत होते की त्यांची छाती नुसती खाजत होती, हे मला विचारता आलं असतं. पण माझ्या हाताची घडी तशीच होती, आणि पंचनाम्यात बोलायचं नसतं.