टॅगवर माझं नाव, अक्षर गजाननभाऊंचं

ती केबल मी काढलीच नव्हती.

वर्षभर सगळ्या प्लँटला वाटतंय की मीच काढली. आज गजाननभाऊंना जाऊन वर्ष झालं आणि सकाळपासून एका जागी बसवत नाहीये. म्हणून लिहून टाकतोय.

गजाननभाऊ म्हणजे आमच्या चाकणच्या प्लँटचे आयटीवाले. मूळचे परभणीकडचे, राहायला पिंपळे गुरवला. मी मेंटेनन्सचा सुपरवायझर.

माणूस तसा डोक्याला ताप होता, खोटं कशाला बोलू.

एकदा त्यांनी स्वतःच सगळ्यांना 'कँटीनचा नवा मेनू' असा बनावट मेल पाठवला. निम्म्या ऑफिसने लिंक दाबली, प्लँट हेडनी पण. दुपारी कँटीनमध्ये उभे राहून म्हणाले, आजचा मेल माझा होता, उद्याचा चोराचा असेल, जेवा आता.

शिफ्ट बदलताना अडायला नको म्हणून ऑपरेटर पासवर्ड मार्करने मशीनच्या पॅनेलवरच लिहून ठेवायचे. हे थिनरचा बोळा घेऊन पुसत फिरायचे. दुसऱ्या दिवशी परत लिहिलेला. परत थिनर.

खंडेनवमीला मशीन बंद. आम्ही हार घालायचो, हळद-कुंकू वाहायचो, आणि हे मशीनमागे वाकून केबल शोधत असायचे. पूजेच्या फोटोत दरवर्षी त्यांची फक्त पाठ दिसते.

केबलचं असं, की मशीन बिघडलं की ते बनवणाऱ्या कंपनीचे लोक लांबूनच, नेटवरून दुरुस्त करतात. तेवढ्यापुरती एक केबल जोडायची. काम झालं की काढायची आणि टॅगवर काढणाऱ्याचं नाव लिहायचं. ती जोडलेली राहिली, तर त्या कंपनीत शिरलेला चोर सरळ आपल्याकडे येणार.

हे त्यांनी मला शंभर वेळा सांगितलं असेल. मी शंभर वेळा मान हलवली.

त्या शनिवारी एका मशीनची अशीच लांबून दुरुस्ती झाली होती आणि संध्याकाळी गावात चुलतभावाची हळद होती. मी गाडी काढली, तर हे गेटवर उभे.

"कुठं जायलास? केबल काढलीस का?"

"व्हय भाऊ, काढली की."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मागे मशीनच्या शेडकडे.

"बरं. जा मग, हळदीला उशीर नको."

रविवारी सकाळी त्यांना हार्ट अटॅक आला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

अंत्यविधीला मीही होतो. केबल डोक्यातही नव्हती.

मंगळवारी बातमी आली. रविवारी त्या मशीनवाल्या कंपनीत सायबर अटॅक झाला होता आणि तिथून ते चोर गिऱ्हाइकांच्या प्लँटमध्ये घुसले होते. तळेगावकडचे दोन प्लँट बंद पडले होते. हेडनी विचारलं, आपली केबल?

मी मशीनकडे अक्षरशः पळालो.

केबल काढलेली होती. नीट गुंडाळून मशीनला अडकवलेली.

टॅगवर शनिवारची तारीख.

नाव माझं. अक्षर गजाननभाऊंचं.

मागून हेड आले, टॅग वाचला आणि माझी पाठ थोपटली. पुढच्या आठवड्यात सगळ्यांसमोर मला शाल दिली.

मी घेतली. तोंड उघडलं नाही. त्याची लाज अजून जात नाही.

आज सकाळी तीच शाल घेऊन त्यांच्या घरी गेलो. वहिनींना सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "त्या शनिवारी ते उशिरा आले. आम्हाला बाहेर जायचं होतं, मी चिडले होते. तर म्हणाले, माझंच एक काम राहिलं होतं."

घरीसुद्धा माझं नाव घेतलं नाही.

शाल त्यांच्या फोटोपाशी ठेवली आणि तडक प्लँटवर आलो. एकेका मशीनमागे वाकून बघितलं. एक केबल जोडलेली सापडली. काढली. टॅगवर नाव लिहिलं, माझं, माझ्याच अक्षरात. उद्या हेडना पण सांगणार आहे.

भाऊ, या वेळी खरंच काढली.

आता तुम्ही निवांत राहा.