चौथ्या मजल्यावरची फुलगळ

पत्नी गेली त्या वर्षी गणपती उठल्यावर मी तिच्या टोमॅटोचे बी पेरले. त्याआधी आयुष्यात मी काहीच पेरले नव्हते. कर्वेनगरच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून माझी सगळी नोकरी झाली. शेतीची पुस्तके मी कितीतरी जणांना कपाटातून काढून दिली, पण स्वतः उघडून एकही पाहिले नव्हते. कोथरूडच्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत टोमॅटो लावणे हे तिचे काम होते आणि ते खाणे माझे.

बी सापडले मसाल्याच्या कपाटात, चहाच्या रिकाम्या डब्यात. तिची पद्धत मी वर्षानुवर्षे पाहिली होती, म्हणजे वर्तमानपत्राच्या वरून जेवढी दिसते तेवढी. चांगला पिकलेला टोमॅटो कापायचा, गर अंगठ्याने कागदावर पसरायचा, वाळला की कागदाची घडी करून ठेवायची. बी कागदाला घट्ट चिकटून बसे. पुढच्या वर्षी ती कागदाचे तुकडे फाडून बियांसकटच मातीत घालत असे.

ते टोमॅटो बाजारात मिळत नसत. चपटे, देठाजवळ चुण्या पडलेले, पातळ सालीचे आणि आंबट. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा टेकडीच्या पायथ्याशी एक बाई स्वतःच्या रानातली भाजी घेऊन बसायची. पहिले फळ तिच्याकडचे. त्या रानावर पुढे इमारती झाल्या आणि बाई यायची बंद झाली. म्हणजे माझ्या माहितीप्रमाणे ते वाण आता फक्त त्या कागदावर होते. चौदा बिया होत्या. जाणत्या माणसाने निम्म्या ठेवून दिल्या असत्या. मी चौदाच्या चौदा पेरल्या. तिची एखादी बी डब्यात मागे ठेवणे मला अन्यायाचे वाटले, याहून अधिक चांगले कारण माझ्याजवळ नव्हते.

दह्याच्या डब्यांत सहा रोपे वर आली. त्यांतली दोन रोपे आठवड्याभरात बुडाशी काळी पडून कोलमडली. उरलेली चार मी रंगाच्या मोठ्या बादल्यांत लावली. सोसायटीचे रंगकाम झाले तेव्हा तिने त्या कंत्राटदाराकडून मागून घेतल्या होत्या आणि गॅसवर तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने त्यांच्या तळाला भोके पाडली होती. तो वास मला अजून आठवतो. त्या दिवशी मी नाक दाबून आतल्या खोलीत जाऊन बसलो होतो.

आता झाडांची जबाबदारी माझ्यावर आल्यावर मी पहिली सुधारणा केली. बाल्कनीत कपडे वाळत घालायची दोरी होती, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. टोमॅटोच्या आधाराच्या काठ्याही ती याच दोरीला वरून बांधून टाकत असे. ओल्या चादरींची टोके पानांवर घासत, पाणी ठिबके, एखादी फांदी मोडे. इतकी हौस असलेल्या बाईने झाडांची एवढी हेळसांड का करावी, असे मला वाटे. मी दोरी सोडून गुंडाळून ठेवली. काठ्या जुन्या धोतराच्या चिंध्यांनी कठड्याला पक्क्या बांधल्या. कपड्यांसाठी घडीचा स्टँड आणून तो झोपायच्या खोलीत मांडला. कामाला येणाऱ्या बाईंना सांगितले, त्या बादल्यांजवळ झाडूसुद्धा न्यायचा नाही.

झाडे माझ्या कमरेपर्यंत आली. दिवाळीनंतर फुले लागली, पिवळी, मान खाली घातलेली. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती पाहायला जाऊ लागलो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी जमिनीवर पहिले फूल पडलेले दिसले. मग रोज दिसू लागले.

फूल पडते ते कुठून, हे मी बारकाईने पाहिले. देठाच्या मध्यावर एक बारीकशी गाठ असते. आधी त्या गाठीपुढचा भाग पिवळा पडतो आणि मग फूल तिथूनच सुटते. इतके स्वच्छ सुटते की झाडाने ठरवून सोडल्यासारखे वाटावे. शब्दकोश वाचायचे भिंग घेऊन मी पडलेली फुले तपासली. आत काहीच धरलेले नव्हते.

मी जुन्या ग्रंथालयात गेलो. माझ्या जागी आलेल्या तरुण बाई ओळखीचे हसल्या. "सर, तुम्ही आणि कृषी विभाग? चष्म्याचा नंबर बदलला का?"

भाजीपाल्यावरचे एक जुने पुस्तक घेऊन आलो. त्यात फुलगळीवर दीड पान होते. कारणे बरीच: उष्णता, पाण्याची ओढ, पाण्याचा अतिरेक, खताचा अतिरेक. मी एकेक कारण घेऊन बसलो. थंडी पडू लागली होती, तेव्हा उष्णता नाही. पाणी मी मोजून एक तांब्या देत होतो; ते आठवडाभर दीड तांब्या करून पाहिले, नंतर पाऊण. खत थांबवले. फुले येत राहिली आणि पडत राहिली. बायकोच्या माघारी मला दिवसभर करण्यासारखे काही उरले नव्हते, त्यात हे कोडे मिळाले याचा थोडा आनंदही होत होता, हे कबूल करतो. पण सोबत भीतीही होती. फेब्रुवारी सरता सरता ऊन कडक होते, मग फळ धरत नाही, एवढे पुस्तकातून कळले होते. फळ धरून पिकायला निदान दीड महिना. तेव्हा माझ्या हातात डिसेंबर आणि फार तर जानेवारीचे पहिले दिवस होते. त्यानंतर बी नाही, आणि बी नाही म्हणजे काहीच नाही.

डिसेंबरात एका सकाळी खालच्या मजल्यावरचे गृहस्थ आले. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, आमच्याच वयाचे. आमच्या दोन घरांत वीस वर्षे सौजन्याचे वैर होते. दारातच उभे राहून म्हणाले, "एक विचारायचं होतं. आपण कपडे धुणं बंद केलंत का?"

"नाही. का?"

"नाही, आमची बाल्कनी हल्ली कोरडी असते. सवय नाही."

मी स्टँडचे सांगितले. आत या म्हटल्यावर ते आले, बसले, चहा मात्र नको म्हणाले. मग इकडेतिकडे पाहत म्हणाले, "आणि ती टकटकही बंद झाली."

"कसली टकटक?"

"कसली काय? अहो, रोज सकाळी पावणेआठ! वहिनी चादरी झटकून वाळत घालायच्या. झटकलं की दोरी हलायची. दोरीला तुमच्या त्या काठ्या, काठ्या कठड्यावर आपटायच्या आणि कठड्याखाली आमचं छत. टक टक टक, चांगली दहा मिनिटं. मी सोसायटीला दोन पत्रं दिली होती. आपल्याला कल्पना नसेल. आपण त्या वेळी पेपर वाचत असणार."

मी त्या वेळी पेपर वाचत असे, हे खरे होते.

"मग आता त्रास नाही ना?" मी विचारले.

"त्रास कसला. आता रोज आठ वाजून गेले तरी मी अंथरुणातच असतो," ते म्हणाले आणि उठले. ते नेमके काय सांगायला आले होते, ते मला त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहताना कळले. पण तेव्हा माझे अर्धे लक्ष दुसरीकडे लागले होते.

ते गेल्यावर मी पुस्तक पुन्हा उघडले. कारणांच्या यादीत नसलेले, आधीच्या प्रकरणातले एक वाक्य मी दोनदा वाचून ओलांडले होते. टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. फूल वाऱ्याने हलले की पराग आतल्या आत झडतो आणि फळ धरते. शेतात हे आपोआप होत असल्याने त्याचा विचार करावा लागत नाही, असे लेखकाने लिहिले होते. आमची बाल्कनी शेत नव्हते. दोन्ही बाजूंना भिंती, पुढे कबुतरांची जाळी, समोर हाताच्या अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत. तिथे वारा येत नाही. मधमाशी मी कधी पाहिली नव्हती. वर मी काठ्या इतक्या पक्क्या बांधल्या होत्या की पानही हलत नव्हते. तीन महिने मी त्या झाडांना इतके जपले होते की फळ धरायला वाटच ठेवली नव्हती.

मी दोरी पुन्हा बांधली. काठ्या कठड्यापासून सोडवून दोरीला लावल्या. तीनच झाडांच्या. चौथी बादली कोपऱ्यात सरकवून जशी होती तशी ठेवली, कारण खालच्या गृहस्थांचे म्हणणे आणि पुस्तकाचे वाक्य यांची गाठ खरोखर पडते का, हे मला पाहायचे होते. बी संपलेले असताना एक झाड प्रयोगात घालवणे शहाणपणाचे नव्हते. पण तेवढी जिज्ञासा मला आवरली नाही.

अडचण निराळीच निघाली. एकट्या माणसाचे कपडे ते किती? एक शर्ट, एक पायजमा, टॉवेल. तीन झटक्यांत काम संपायचे आणि दोरी जेमतेम थरथरायची. कपाटातल्या धुतलेल्या चादरी मी पुन्हा धुतल्या. तिसऱ्या दिवशी त्या संपल्या. तेव्हा तिच्या कपाटातून तिची रोजच्या वापरातली एक सुती पाचवारी काढली. ते कपाट मी तोवर उघडले नव्हते. साडी बादलीत भिजवली, पिळली आणि बाल्कनीत नेली. एवढी लांब ओली साडी झटकायला ताकद लागते. पहिल्या खेपेला टोक माझ्याच तोंडावर बसले. दुसऱ्यांदा मात्र दोरी अशी नाचली की तिन्ही काठ्या कठड्यावर आपटल्या आणि फुले लटलट हलली. सगळे पाणी खाली गेले.

"अहो, पाणी!" खालून जुन्या सवयीचा आवाज आला. मग ते जाळीतून वर पाहत असावेत. साडी दोरीवर पसरलेली होती. आवाज एकदम थांबला. खालचे दार हळूच लागल्याचे मला ऐकू आले.

मी तो क्रम रोज केला. कधी साडी, कधी चादर, पावणेआठला. आठव्या-नवव्या दिवशी एका सुकलेल्या फुलाच्या आत, भिंगाशिवायही दिसावा एवढा हिरवा मणी होता. साबुदाण्याएवढा. मी तो आधी किडा समजलो. दुसऱ्या झाडावर तसेच दोन होते. कोपऱ्यातल्या चौथ्या झाडाखाली मात्र पडलेली फुले तशीच साचत होती. आणखी आठवडाभर मी तिथे हात लावला नाही. मग ते पाहवेना, तेव्हा पेन्सिलीने एकेका घोसाला टिचकी मारू लागलो. त्यालाही एक फळ धरले. पुराव्याच्या दृष्टीने याहून नीट काही होऊ शकत नव्हते.

पण एक गोष्ट पुराव्यात बसेना. तिला हे माहीत होते का? काठ्या दोरीला बांधणे हा तिचा आळस होता की युक्ती? तिच्या वह्या मी पाहिल्या. त्यांत दुधाचे खाडे होते, लोणच्याचे प्रमाण होते, टोमॅटोबद्दल अक्षर नव्हते. बंगळुरूला असलेल्या मुलीला फोनवर विचारले.

"आईला माहीत असणारच," ती म्हणाली. "आई विनाकारण काही करायची का?"

जिन्यात खालच्या गृहस्थांना विचारले. ते म्हणाले, "वहिनींना माहीत असेल-नसेल. त्यांना एवढं मात्र माहीत होतं की आम्हाला त्रास होतो, आणि तरी त्यांनी काठ्या सोडवल्या नाहीत. यावरून आपणच काय ते ठरवा." मी ते अजून ठरवलेले नाही. तीस-पस्तीस वर्षे मी रोज तिच्यापासून दहा फुटांवर बसलेला होतो. तेव्हा एकदा पेपर खाली घेऊन विचारले असते तर एका वाक्यात उत्तर मिळाले असते, आणि बहुधा ते थोडे खवचट असते.

फेब्रुवारीच्या मध्याला पहिले फळ पिकले. ते मी खाल्ले नाही. कापून गर कागदावर पसरला आणि कागद पंख्याखाली नाही, सावलीत वाळवला. दुसरे पिकले, त्याचेही तेच. बिया कागदावर ओळीने दिसत होत्या. तिसरे फळ सर्वांत मोठे होते. तेही बियांसाठी ठेवायचे, चौथेही, उरलेली सगळी, असा माझा बेत होता.

त्याच आठवड्यात मुलगी चार दिवसांसाठी आली. सामान टाकून ती सरळ बाल्कनीत गेली आणि मी पाणी घेऊन येईतो तिने ते तिसरे फळ तोडले होते.

"अगं, ते बियांसाठी!" मी ओरडलोच.

तोवर तिने चावा घेतला होता. रस मनगटावरून कोपरापर्यंत आला. "बाबा, बी किती काढून ठेवलंय?"

"दोन फळांचं."

"म्हणजे?"

"शंभराच्या वर असेल."

"आणि बादल्या किती आहेत?"

मी बादल्यांकडे पाहिले. चारच होत्या. तिने स्वयंपाकघरातून मीठ आणले, उरलेल्या अर्ध्यावर चिमूटभर टाकले आणि माझ्यापुढे धरले. "घ्या. तोच आंबटपणा आहे. डोळे मिटतात बघा."

मी खाल्ले. डोळे खरोखर मिटले. बिया दाताखाली आल्या, बुळबुळीत, त्या न वेचता मी गिळून टाकल्या आणि झाडावर आणखी किती पिकली आहेत ते आम्ही दोघे पाहू लागलो.