पाहुण्यांच्या खोलीतली लाल पिशवी

नेबाहतचं अर्धं आयुष्य विंगेतल्या अंधारात गेलं. फिरत्या नाटकमंडळीचा कपडेपट तिच्याकडे होता. राजाचा भिकारी व्हायला नटाला वेळ मिळायचा तो टाळ्या विरेपर्यंत. तेवढ्यात दिवा न लावता झगा उतरवायचा, फाटकी बंडी चढवायची, हातात काठी द्यायची. म्हणून ती सगळं रचून ठेवी, आधी लागणारं सगळ्यात वर. एखादा नट चाचपडू लागला की त्याच्या कानाशी पुटपुटे, "डोळे मीट रे राजा. हाताला विचार." घोड्यांच्या लिदीचा वास येणाऱ्या तंबूत त्या बाईने दरबारच्या दरबार नटवले, आणि पडद्यासमोर येऊन एकदाही कुणाला वाकून नमस्कार केला नाही.

मंडळी मोडली, नवरा गेला, आणि नेबाहत मुराद नावाच्या नदीकाठच्या गावी मुलाकडे राहायला आली. मुलगा तुर्गुत मालट्रक घेऊन सदा बाहेरगावी. घरात सून गुलसेरेन आणि नात एल्वान. एल्वान नऊ वर्षांची, दम्याची. तिचा श्वासाच्या औषधाचा निळा पंप उशाशी असायचाच. तो वेळेवर मिळाला नाही, की पोरीच्या छातीतून गंजक्या बिजागरीसारखा आवाज निघे आणि ओठ जांभळे पडत.

जमीन हलते हे त्या मुलखातल्या पोरांना पाढ्यांच्या आधी कळतं. शाळेतल्या बाईंनी एकदा नेबाहतला विचारलं, "मुलांना भूकंपाची पिशवी भरायला शिकवाल का?" म्हातारी हरखून गेली. इतक्या वर्षांनी समोर प्रेक्षक!

तिने वर्गाच्या खिडक्यांवर चादरी टांगून अंधार केला आणि टेबलावर दणादणा मुठी आपटल्या.

"हं, जमीन हलली! यामान, तुझी एंट्री. बॅटरी काढ!"

यामान खाटकाचा पोरगा, वात्रट. त्याने पिशवीत हात घातला, बरंच खालीवर केलं आणि मोजा बाहेर काढला.

"शाबास," नेबाहत म्हणाली. "आता मोज्याच्या उजेडात जिना उतर."

वर्ग खिदळला. मग तिने एकेकाची पिशवी पुन्हा लावून घेतली. वर बॅटरी आणि शिट्टी, मग पाणी, मग घरात ज्याला जे औषध लागतं ते.

"आजोबांचा पंप ठेवू?" यामानने विचारलं. "रात्रभर चहाच्या सामोवारासारखे वाजतात."

"जास्तीचा असला तर ठेव. आणि त्यांना विचारून ठेव, नाहीतर काठी घेऊन माझ्याकडे येतील. बरं, पिशवी टांगायची कुठे?"

"दाराशी! बुटांच्या वर!"

एल्वान खाली मान घालून म्हणाली, "आमची पाहुण्यांच्या खोलीत आहे."

"म्हणजे भूकंप आला की आधी बेल वाजवायची," यामान म्हणाला, "मग 'या, बसा', मग चहा, मग पिशवी!"

पोरं लोळली. नेबाहतही हसली.

पाहुण्यांची खोली गावात प्रत्येक घरी असते आणि एरवी ती बंद असते. सोफ्यावर पांढरी आच्छादनं, कपाटात चहाचे नाजूक पेले, आणि पोरांच्या पायांना मज्जाव. घरात जे जे चांगलं येतं ते तिथे जातं. तुर्गुतने अंकाराहून लाल पिशवी आणली, नवी बॅटरी, लोकरी ब्लँकेट, एल्वानसाठी दुसरा पंप. ती कोरी पिशवी गुलसेरेनने सोफ्याच्या कडेला ठेवली आणि दाराला कुलूप घातलं.

"गुलसेरेन, पोरी, पिशवी दाराशी टांगू या का?" नेबाहतने त्या संध्याकाळी विषय काढला.

"त्या चिखलाच्या बुटांवर? आई, ब्लँकेट बघितलंत का तुम्ही ते?"

"अगं, एल्वानचा पंप आहे तिच्यात."

"एक आहे ना उशाशी. आणि आल्यागेल्याने काय म्हणावं? या घरात मरणाची तयारी दारातच टांगलीय! असं केलं की बोलावल्यासारखं होतं." तिने किल्ली एप्रनच्या खिशात टाकली. "तुम्ही शाळेत शिकवा हो हवं तितकं. घर माझ्यावर सोडा."

बोलण्यात राग नव्हता. लग्नानंतरची कितीतरी वर्षं गुलसेरेनने एका ओलसर खोलीत काढली होती. पाहुण्यांची खोली तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती. नेबाहतला ते ठाऊक होतं. सुनेच्या घरात सासूने किती बोलावं हेही ठाऊक होतं. पुढे कधीतरी बोलू, म्हणून ती गप्प राहिली.

रविवारी सकाळी न्याहारीच्या वेळी जमीन हलली. किटली शेगडीवरून उडाली, जैतुनाची फळं घरभर घरंगळली. नेबाहतने एल्वानला टेबलाखाली ओढलं. हादरे थांबल्यावर तिघी अनवाणी जिना उतरल्या. समोरची जुनी पिठाची गिरणी ढासळली होती आणि सगळी गल्ली धुळीने पांढरी झाली होती.

मशिदीसमोरच्या चौकात पोहोचेपर्यंत एल्वानची छाती वाजू लागली.

"पंप?" गुलसेरेनने विचारलं.

उशाशीच राहिला होता. त्या उशीवर कपाट कोसळलेलं तिघींनीही पाहिलं होतं.

गुलसेरेनचा हात खिशाकडे गेला. किल्ली होती. "घर उभं आहे, आई. तडासुद्धा नाही कुठे. ही गेले आणि ही आले."

नेबाहतला 'थांब' एवढाच शब्द म्हणायचा होता. पण मांडीवर पोर मासोळीसारखी तोंड उघडत होती, ओठ जांभळे पडले होते, आणि पंप त्या घरात होता. अंधारात दुसऱ्यांना आठवण करून देत आलेल्या बाईला तो एक शब्द उच्चारता आला नाही. गुलसेरेन धुळीत दिसेनाशी झाली.

तेवढ्यात यामान गर्दीतून घुसत आला. पाठीवर पिशवी होती. त्याने आत हात घातला, आणि या खेपेला बरोबर हवं तेच बाहेर आलं.

"आजी, हा घे! आजोबांचा!"

एल्वानने पंप तोंडात धरला. नेबाहतने दाबला, थांबली, पुन्हा दाबला. श्वास अडखळत अडखळत आत गेला. मग बाहेर आला. मग पुन्हा आत.

नेबाहत उठली आणि आयुष्यात कधी ओरडली नव्हती तशी ओरडली. "गुलसेरेन! मिळाला! खाली ये गं, मिळाला!"

गल्लीच्या टोकाशी धूळ विरली होती; वर पाहुण्यांच्या खोलीचा पडदा हलला. गुलसेरेन खिडकीत आली. तिने लाल पिशवी उंच धरून दाखवली. ती हसत होती. तिला खालचं ऐकू गेलं की नाही, कोण सांगणार? ती वळली, आणि जमीन दुसऱ्यांदा हलली.

तिला जिन्यातून काढलं तेव्हा पिशवीचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला होता. तुर्गुत अर्ध्या रस्त्यातून ट्रक फिरवून आला. सांत्वनाला येणाऱ्यांना बसवायला तंबूत एक चटई होती. तिच्या टोकाला तो नुसता बसून राही.

शाळा तंबूत भरू लागली तेव्हा बाई पुन्हा आल्या. "माझ्याच्याने नाही होणार आता," नेबाहत म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी मुलंच येऊन तिच्या तंबूसमोर बसली. यामानही आला. तो आता थट्टा करत नसे.

नेबाहत बाहेर येऊन त्यांच्यासमोर बसली. मग म्हणाली, "पिशवी आत राहिली तर?"

"राहू द्यायची."

"कोरं ब्लँकेट असलं तर?"

"राहू द्यायची."

"औषध असलं तर?"

मुलं घुटमळली. "तरी राहू द्यायची," नेबाहत म्हणाली. "ओरडून मागायचं. चौकात कुणा ना कुणाकडे असतं. म्हणा." तालमीसारखं तिने ते पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं.

मागून एका चिमुरडीने विचारलं, "आणि आईच आणायला निघाली तर?"

 

"तिचा झगा धरायचा," एल्वान म्हणाली. ती तंबूच्या दाराशी पाठ करून बसली होती. आई गेल्यापासून चारचौघांत तिने तोंड उघडलं नव्हतं. "दोन्ही हातांनी. मारलं तरी सोडायचा नाही."

नेबाहत उठली. तिने नातीला हाताला धरून मध्ये उभं केलं आणि स्वतः तिच्याकडे पाठ फिरवली.

"मी निघाले," ती म्हणाली. "धर."

एल्वानने झगा धरला. म्हातारी अंगातलं सगळं बळ लावून पुढे गेली, फरफटली, हिसडे देत राहिली. कमरेची शिवण टरकली. पोरीच्या छातीत घरघर सुरू झाली, पण मुठी सुटल्या नाहीत.

नेबाहत थांबली, तिच्या हाती पंप दिला, श्वास मोकळा होईपर्यंत तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मग मुलांकडे वळून म्हणाली, "आता यामान. ये, धर मला."