प्लग काढल्यानंतर

दुपारचे तीन वाजत आले आहेत. दिवाणावर आडवा झालोय. डोळे मिटतात, पुन्हा उघडतात. समोर टेबलावर जुना टीव्ही माझ्याकडे पाठ करून बसलेला आहे. तो सुरूच होत नाही. सॉकेट पाहिला, वायर पाहिली, फ्यूज बदलला. सकाळी क्षणभर चुरचुरला आणि गप्प झाला. मग प्लग काढून मागचं झाकण उघडून ठेवलं. चार वाजता गल्लीतली पाच मुलं येणार आहेत. आत काय बिघडलंय ते सगळ्यांनी हात घालून शोधायचं, असं परवा ठरलं आहे. प्लग काढला की धोका संपला, हेही मी त्यांना तेव्हाच शिकवलंय.

डोळे मिटले तरी टीव्ही दिसतोच आहे. त्याच्याजवळ दिलावर मुलाणी उकिडवा बसला आहे. माझा सातवीचा विद्यार्थी. पुढे टीव्ही दुरुस्त करायला लागला. दोन वर्षांपूर्वी तापाने गेला. त्याच्या मातीला मी होतो.

"सर, झाकण उघडं टाकून झोपलात?"

"प्लग काढलाय रे."

"काढलाय ना? मग झालं तर!" तो हसतो. डोळे हसत नाहीत.

आम्ही वर्गात आहोत. फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: प्लग काढला की धोका संपला. दिलावर अर्ध्या चड्डीत आहे, पण मिशांसकट. तो अंगठा पुढे करतो. त्यावर भाजल्याचा पांढरा, गुळगुळीत डाग.

"हा तुमच्या धड्याचा शिक्का. पहिलाच टीव्ही होता माझा. प्लग काढून दोन दिवस झाले होते."

"कधी बोलला नाहीस."

"चूक दाखवणाऱ्याला तुम्ही पेन द्यायचात, सर. पण आम्ही पडलो मागच्या बाकावरचे." तो फळा पुसू लागतो. अक्षरं पुसली जात नाहीत. "पडद्यामागच्या काचेच्या नळीत वीज कोंडून बसते. ती आधी काढावी लागते."

जिन्याखालचं त्याचं दुकान, सोल्डरिंगच्या धुराचा वास. बाकं मात्र वर्गातली, आणि टीव्ही माझा. टीव्हीसमोर ओवी उभी आहे, आमच्या गल्लीतली, आठ वर्षांची. तिचा हात आत चालला आहे, नळीवरच्या रबरी टोपीकडे.

"सर, हे काय आहे?"

मी ओरडतो. तोंडातून आवाज येत नाही, खडूची पूड येते. तिला अडवायला मी दोन्ही हात आत घालतो, तोच दिलावर माझं उजवं मनगट आवळतो.

"दोन हात नाही! वीज छातीतून जाते. डावा खिशात!"

"अरे, पण ती—"

"आधी डावा खिशात, सर!"

मी घालतो. दुसऱ्या हाताने तो वायर बांधलेला स्क्रू-ड्रायव्हर टोपीखाली सरकवतो. वायरचं दुसरं टोक नळीभोवतीच्या उघड्या तारेला अडकवलेलं आहे. टच्च! निळी ठिणगी. ओवी दचकून मागे सरते.

"आता विचारू द्या तिला," दिलावर म्हणतो. मनगट सोडत नाही.

"सोड, दुखतंय."

"मुलांना काय सांगणार?"

त्याची पकड आणखी घट्ट होते.

"चुकलो म्हणून सांगेन."

बेल वाजते. चारला पाच मिनिटं कमी आहेत. दाराबाहेर ओवीचा आवाज: "सर, पहिला हात मी घालणार!"

मी आधी टीव्हीचं झाकण बसवतो, मग दार उघडतो.

"आज कुणीही हात घालायचा नाही," मी सांगतो. "परवा मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. प्लग काढला तरी आत धोका राहतो. बसा, सांगतो."

बाकीचे हिरमुसून सतरंजीवर बसतात. ओवी बसत नाही. ती माझ्या उजव्या मनगटाकडे बघते आहे.

"सर, तुम्हाला एवढं घट्ट कुणी धरलं होतं?"

मी बघतो. पाच बोटांचे काळे ठसे आहेत, आणि त्यांना सोल्डरिंगचा वास येतो आहे.