डावरीचे अडीच किलो

बाईला वजन विचारायचं नसतं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? ज्याने शिकवलं त्याला एकदा आमच्याकडे पाठवा. आमच्या डावरीचं वजन चारशे माणसांसमोर माइकवरून वाचून दाखवलं, आणि ते ऐकून अख्खं सभागृह खो खो हसलं. त्या हसण्याचं पुढे काय झालं, ते सांगायला बसले आहे. मध्ये बोलू नका.

डावरी धंद्याने बॉक्सर. हौसेची नव्हे, परवान्याची. पण वर्षाला एक-दोन लढती मिळणार, त्यावर घर चालत नाही, म्हणून दिवसा ती आमच्याबरोबर लॉन्ड्रीत. लॉन्ड्री म्हटल्यावर काचेचं दार आणि हसून पावती देणारी पोरगी डोळ्यांसमोर आणू नका. आमची म्हणजे हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारा कारखाना. आत शिरलात की चष्म्यावर वाफ धरते आणि छतावरून गरम थेंब मानेवर पडतो, नेमका कॉलरच्या आत. पिळायचं यंत्र महिन्यातले वीस दिवस बंद. मग दोघींनी चादरीची दोन टोकं धरायची, उलट्या बाजूंनी पीळ द्यायचा आणि ओढायचं.

ती सतराव्या वर्षी आली. डाव्या हाताने पिळायची, म्हणून डावरी. तिची एक खोडी होती. समोरची जीव खाऊन ओढायला लागली की ही हळूच एक पाऊल बाजूला सरकायची आणि हात सैल सोडायची. समोरची आपल्याच जोराने भेलकांडत थेट टोपल्यात. मी स्वतः तीनदा पडले आहे. तिसऱ्यांदा तिला शिव्या दिल्या, तर म्हणते, "मी कुठे काय केलं? तूच एवढी ओढत होतीस!"

बॉक्सिंगमध्ये ती आली ती व्हॅनच्या ड्रायव्हरमुळे. त्याला बायकांच्या पाठीवरून हात फिरवायची सवय होती. एक दिवस तो हात डावरीच्या पाठीवर पडला आणि पुढच्या क्षणी ड्रायव्हर मळक्या टॉवेलांच्या ढिगात उताणा. मालक धावत आला, आता हिची नोकरी जाणार हे आम्ही धरूनच चाललो. पण दारात एक म्हातारा आपल्या तालमीचे टॉवेल घेऊन उभा होता. चपट्या नाकाचा, फुलकोबीसारख्या कानांचा. त्याने मालकाकडे पाहिलंही नाही.

"पोरी, हा फटका कोणी शिकवला?"

"कोणी नाही. राग आला."

"रोज येतो?"

"रोज."

"मग रोज संध्याकाळी ये."

तो म्हणजे वस्ताद. सायकलच्या दुकानाखाली तळघरात त्याची तालीम. मुक्के मारायच्या दोन लोंबत्या पिशव्या, एक रिंग, दोऱ्यांना इन्सुलेशन टेप गुंडाळलेली, आणि एक आरसा, ज्यात फक्त गुडघ्यापर्यंतच दिसायचं. वजनकाटाही होता, पण त्याची स्प्रिंग कधीच मेली होती. वस्ताद स्वतः चढला तरी काटा अकरा किलो दाखवायचा. म्हणून डावरी पहिल्यापासून वजन करायची ती लॉन्ड्रीच्या मोठ्या काट्यावर, जिथे कपड्यांची गाठोडी मोजतात. हे लक्षात ठेवा. सगळं पुढे इथेच अडणार आहे.

सतरा वर्षं लढली ती. सव्वीस लढती, अठरा जिंकल्या. नाक दोनदा मोडलं. पहिल्यांदा मोडलं तेव्हा आई म्हणाली, "अगं, आता दिसशील कशी?" ही म्हणाली, "आहे तशीच, फक्त जरा उजवीकडे." आई प्रत्येक लढतीला यायची, पहिल्या रांगेत बसायची आणि खुर्ची फिरवून रिंगकडे पाठ करायची. मी एकदा विचारलं, "मावशी, मग येता कशाला?"

"लोकांची तोंडं बघते. तिला लागलं की तोंडं वाकडी होतात. तिने मारलं की उघडी पडतात. मला तेवढं पुरे."

आता मुद्द्यावर येते. किताबाची लढत तिला कधी मिळाली नव्हती. शेवटी मिळाली ती चौतिसाव्या वर्षी, पस्तिसाव्या वाढदिवसाच्या दोन महिने आधी. महासंघाचा नियम असा की पस्तीस पूर्ण झाले की किताबासाठी लढता येत नाही. म्हणजे हीच पहिली आणि हीच शेवटची. गट सत्तावन्न किलोचा. सत्तावन्नच्या वर एक चमचाही चालत नाही. खाली कितीही चालतं, पण खाली जायला कोण वेडं आहे? लढतीच्या आदल्या दिवशी वजन होतं, मग खाऊन-पिऊन दुसऱ्या दिवशी जड होऊन उतरायचं, हा या धंद्याचा रिवाज.

एरवी तीन आठवड्यांत उतरणारं वजन या वेळी उतरेना. डावरी भात सोडून बसली, अंगाला प्लॅस्टिक गुंडाळून धावली, तरी लॉन्ड्रीचा काटा एकोणसाठच्या खाली यायला तयार नाही. गाल आत गेले. पँटला पिन लावायची वेळ आली. मी म्हटलं, "अगं, पँट सैल होतेय आणि वजन तेवढंच?"

"वय झालं. हाडं जड झाली असतील," ती म्हणाली.

तेव्हाच माझ्या टाळक्यात प्रकाश पडायला हवा होता. नाही पडला. शेवटचे दोन दिवस तिने पाणीही तोडलं. ओठ फुटले. सकाळी लॉन्ड्रीचा काटा सत्तावन्नवर आला तेव्हा आम्ही सगळ्याजणी टाळ्या वाजवल्या. गाढवासारख्या.

दुपारी सभागृहात वजन. चॅम्पियन आधी चढली. उंच, खांदे दरवाजाएवढे. छप्पन्न किलो नऊशे. मग डावरी. माइकवरचा माणूस आकड्याकडे बघून थांबला.

"चोपन्न किलो पाचशे."

आणि हशा. चॅम्पियनच्या गोटातला एकजण ओरडला, "आधी जेवू घाला हो तिला!" वस्तादचा चेहरा चादरीसारखा पांढरा. डावरी उतरली, पुन्हा चढली. चोपन्न पाचशे. ती वस्तादकडे वळली आणि अगदी हळू म्हणाली, "हा काटा खरा आहे, वस्ताद. आमचा खोटा आहे."

कळलं ना? सहा महिन्यांपूर्वी मालकाने काटा "दुरुस्त" करून घेतला होता. गिऱ्हाइकाला किलोवर दर, मग सत्तावन्नला साडेचोपन्न करणारा काटा असण्यापेक्षा साडेचोपन्नला सत्तावन्न करणारा बरा. अडीच किलो मालकाने लोकांच्या चादरींत घातले आणि ते आमच्या बाईच्या अंगावरून गेले.

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरला, डोळ्यांची पापणी ओढून पाहिली. "तुमच्यात पाणीच नाही. उद्या दुपारी पुन्हा तपासणार. नाडी ठीक नसेल तर सोडणार नाही."

वस्ताद भिंतीला टेकून बसला. "चाळीस वर्षं या धंद्यात आहे. पोरीला गाठोड्यांच्या काट्यावर तोलत बसलो. माझं नाक पुन्हा मोडा कोणीतरी."

"वस्ताद, नंतर रडा," डावरी म्हणाली. "अठ्ठावीस तास आहेत. मला भूक लागलीय."

मग आईने सूत्रं हाती घेतली. एकदम नाही, दर अर्ध्या तासाने थोडं थोडं भरवायचं. मीठ-साखरेचं पाणी, मऊ भात, केळं, उकडलेलं अंडं. वाटीत चमचा आपटून म्हणायची, "आ कर. सतरा वर्षं मला ऐकवलंस, आता माझं ऐक." दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंनी दोनदा नाडी मोजली आणि कागदावर सही केली. तोवर डावरी सत्तावन्नच्या आसपास आली होती. चॅम्पियन मात्र खाऊन-पिऊन एकसष्ट.

दहा फेऱ्यांची लढत. पाण्याची बादली माझ्या हातात, म्हणून सगळं तीन हातांवरून पाहिलं. पहिल्या तीन फेऱ्या बघवत नव्हत्या. चॅम्पियन जवळ यायची, आपलं सगळं वजन डावरीच्या मानेवर टाकायची, दोऱ्यांवर दाबायची आणि बरगड्यांत मारायची. डावरीची जुनी पद्धत म्हणजे पाय रोवून उभं राहायचं. पण समोर चार किलो जास्त असताना रोवलेले पाय कसले टिकतात? मावशीसमोरची तोंडं वाकडी झाली होती, आणि मावशीचे खांदे वर चढले होते.

तिसऱ्या फेरीनंतर वस्ताद तिच्या नाकात कापूस घालत होता. ती म्हणाली, "वस्ताद, ही चादर ओढतेय."

"काय?"

पण मला कळलं. मी बादली खाली ठेवली आणि ओरडले, "मग सोड ना, बये! आम्हाला पाडायचीस तशी पाड!"

चौथ्या फेरीत चॅम्पियन पुन्हा रेटत आली. डावरीने अंग सैल सोडलं, एक पाऊल बाजूला. चॅम्पियन आपल्याच वजनाने दोऱ्यांवर गेली, आणि वळते तोवर डावा हात तिच्या गालावर. मावशीसमोरची तोंडं उघडी पडली. मग तेच. रेटा, पाऊल, डावा. पाचवीत, सहावीत. गंमत बघा, अडीच किलो जास्त असते तर डावरी जुन्या सवयीने उभी राहिली असती आणि मार खात हरली असती. हलकी होती, म्हणून सरकली. म्हणून मालकाचे आभार मानायचे का? अजिबात नाही. डोकं तिचं, पाय तिचे.

सातव्या फेरीत चॅम्पियन तशीच भेलकांडली आणि डावा थेट हनुवटीवर बसला. तिचा गुडघा जमिनीला टेकला. पंचाने आठपर्यंत मोजलं. ती उठली, चिवट बाई, मान्य करायला हवं. शेवटच्या फेरीत दोघींना हात वर धरवत नव्हते. आणि तेव्हा माझं लक्ष पहिल्या रांगेकडे गेलं. मावशीने खुर्ची फिरवली होती. रिंगकडे तोंड करून, दोन्ही मुठी आवळून ओरडत होती, "सरक! बाजूला सरक!"

दोन परीक्षक डावरीच्या बाजूने, एक चॅम्पियनच्या. पंचाने तिचा डावा हात वर केला. ज्याने "जेवू घाला" म्हटलं होतं, तो टाळ्या वाजवत होता. मी त्याला बादली उचलून दाखवली. ओतली नाही. पण दाखवली.

सोमवारी ती किताबाचा पट्टा खांद्यावर टाकून लॉन्ड्रीत आली. मालक पुष्पगुच्छ घेऊन दारात. "आमच्या लॉन्ड्रीचं नाव काढलंस!"

"मालक, आधी हे बघा." तिने रिकामा पाण्याचा कॅन काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला, मग आमच्यासमोर मोजून वीस लिटर पाणी ओतलं. वीस लिटर म्हणजे वीस किलो, हे तिसरी नापासालाही माहीत. काटा म्हणाला, वीस किलो नऊशे.

"अगं, यंत्र आहे. बिघडतं कधीकधी."

"बिघडू दे ना," डावरी म्हणाली. "पण एकदा तरी गिऱ्हाइकाच्या बाजूने बिघडू दे."

आम्ही अठ्ठावीस जणींनी सही करून अर्ज दिला, निरीक्षक आला, काट्याला सील लागलं. नवा काटा आला, त्याचा आकडा आता भिंतीकडे नव्हे, सगळ्यांना दिसेल असा दाराकडे आहे.

डावरी आता लढत नाही. वस्तादच्या तळघरात बावीस मुली शिकवते, लॉन्ड्रीही करते. तळघरातही आता खरा काटा आलाय. नवी मुलगी आली की तिला पहिल्या दिवशी हातमोजे देत नाही. काट्यावर उभं करते आणि म्हणते, "आकडा वाच. मोठ्याने. तुझा आहे, कोणाच्या बापाचा नाही."

म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे. उद्या कपडे टाकायला, रद्दी विकायला, भाजी घ्यायला, कुठेही जाल, तिथे आधी घरून वजन करून आणलेली एक वस्तू काट्यावर ठेवा. आणि आकडा जो येईल तो मोठ्याने वाचा. दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.